गळ्यातली सवत

वेल्हे,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८६४

प्रिय दादा,

आनंदराव काल येऊन गेले. भर उन्हात चढ चढून आले बिचारे, धापा टाकत ओसरीवर बसले, गूळपाणी घेतलं आणि घाम पुसत पुसत तुझा निरोप सांगितला. मी तो सगळा मुकाट्यानं ऐकून घेतला. तुला हे खरं वाटायचं नाही, कारण चंद्रा गप्प बसली असं आपल्या घरात कधी झालेलं नाही. पण आनंदराव पडले वहिनींचे भाऊ, सोयरे माणूस. त्यांच्यासमोर बहीणभावाची उणीदुणी कशाला काढायची? उत्तर लिहून पाठवते, एवढंच मी म्हणाले. त्यावर ते माझ्याकडं बघतच राहिले. डोंगरातली शेणामातीत हात घालणारी बाई, हिला लिहिता कुठून येणार, असं त्यांना वाटलं असावं. मला अक्षरं कुणी शिकवली ते त्यांना काय माहीत. उत्रोलीच्या आपल्या अंगणात चुलीतली राख पसरून, माझं बोट धरून तू गिरवून घ्यायचास आणि चुकलं की टपली मारायचास. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "शिकीव तिला. सासरी गेल्यावर खुशाली तरी लिवंल." पुढं खुशाली लिहायची वेळ आली ती तिचीच, आणि लिहायची होती तुला. दोनदा लिहिलं. बाजाराला जाणाऱ्यांच्या हाती धाडलं. पोचलं म्हणून सांगत होते.

आनंदराव बोलताना तुला सारखं दादासाहेब म्हणत होते. कचेरीत तुला मान आहे, लोक उठून उभे राहतात, तेव्हा मीही अहो-जाहो लिहायला हवं हे मला कळतं. दोन ओळी तशा लिहून बघितल्या आणि खोडल्या. ज्याच्या पाठुंगळीला बसून ओढा ओलांडला त्याला काय तुम्ही म्हणायचं? रागावू नकोस. आणि रागावलास तरी आता माझं काही बिघडत नाही.

इकडं सगळी बरी आहेत. हिरड्याचे दिवस आहेत, दिवसभर रानात वाकून कंबरेचा काटा ढिला होतो. लढाई सुरू झाल्यापासून घासलेट बघायला मिळत नाही, म्हणून दुपारच्या उजेडात दारात बसून लिहिते आहे. घरची माणसं रानात गेली आहेत आणि सासूबाई आत पडून आहेत, मधूनमधून विचारतात काय करतेस म्हणून. भावाला पत्र लिहिते म्हटलं की म्हणतात, लिही, आणि पुन्हा डोळे मिटतात.

तर तुझा निरोप. पहिली गोष्ट, तुझ्या शेवंताचं लग्न ठरलं. वाईकडचं घर, कुळवान, पोरगा शिकलेला. ऐकून खरंच बरं वाटलं, पोरीचं भलं होऊ दे. दुसरी गोष्ट, लग्नाआधी देव्हारा नव्यानं मांडायचा आहे. त्यात आबांचा टाक आहे, पण त्यांच्या शेजारी तुझ्या जन्मदात्या आईचा टाक नाही. तो माझ्याकडं आहे, तो लगोलग धाडावा, भोरच्या सोनाराकडून नव्यानं ठोकून घ्यायचा आहे. तिसरी गोष्ट आनंदरावांनी वहाणा पायात घालता घालता, माझ्याकडं न बघता सांगितली. ती मी मागून लिहीन. आत्ताच लिहिली तर बाकीचं लिहायचं राहून जाईल.

तो टाक मी समज आल्यापासून आईच्या गळ्यात बघत आले. काळ्या दोऱ्यात ओवलेला, रुपयाहून लहान चांदीचा पत्रा, वर बाईचं रूप ठोकलेलं. ही कोण म्हणून मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "ही माजी सवत, रतनबाई. तुज्या दादाची आय." मग तिनं समजावून सांगितलं. आपल्यात घरचं मोठं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करून देवाजवळ बसवतात. पण बायको गेली आणि घरात दुसरी आली, तर पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात, म्हणजे गेलेलीचा जीव घुटमळत नाही, तिचा मान तिला मिळत राहतो. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, हळदकुंकू लावायचं आणि मग रतनबाईंनी दिलं असं म्हणून आपण नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला, दुसरा आपल्या तोंडात. आईनं जन्मभर एक लुगडं स्वतःचं म्हणून नेसलं नाही. मला त्याचा राग यायचा. तिला कधी आला नाही.

बरं, ती नुसती दुसरी नव्हती, पाटाची होती. मुद्दाम लिहिते आहे, कारण तुझ्या घरात आता हा शब्द कुणी उच्चारत नाही असं ऐकते. याच वेल्ह्याच्या डोंगरातली पोर. लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत नवरा पटकीनं गेला. तिकडं रतनबाई गेल्या आणि आबा तुला काखेत घेऊन उघडे पडले. भावकीनं बसून ठरवलं आणि विधवेचा पाट लावून दिला. वाजंत्री नाही, हळद नाही, अक्षता नाहीत. लग्नाच्या बाईला वाजतगाजत आणतात, पाटाच्या बाईला अंधार पडल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं की सवाष्णींनी तिचं तोंड बघायचं नाही. त्या सकाळी उत्रोलीतल्या बायकांनी आपापली दारं लोटून घेतली होती. आई गोठ्याच्या कडेला डोक्यावरून पदर ओढून बसली होती. आणि तू, एवढासा, अंगावर चिंधी नाही, सगळ्यांचे हात चुकवून धावत गेलास, तिचा पदर वर केलास आणि मांडीवर जाऊन बसलास. आजी ओरडली, "अरं मानसिंग, तिचं तोंड बगू नगं." तू बघितलंस. त्या घरात तिचं तोंड पहिल्यांदा बघितलंस ते तू. ही गोष्ट आई इतक्या वेळा सांगायची की मला पाठ झाली होती. "समद्यांनी दारं लावली, माज्या मानसिंगानं पदर उगडला," असं म्हणायची आणि हसायची. तुला ती आठवते का, का तीही देव्हाऱ्यासारखी नव्यानं मांडून घेतलीस?

त्या दिवसापासून तू तिच्या कुशीतला. तिच्या गळ्यातला टाक मुठीत धरल्याशिवाय तुला झोप यायची नाही. मुठीत धरायचास आणि अंगठ्यानं घासत राहायचास, घासता घासता डोळे मिटायचे. चांगला मिसरूड फुटायच्या बेताला आलास तरी ताप आला की तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेच. मी झाल्यावर मलाही तो हातात हवा असायचा, तर तू माझा हात झटकून म्हणायचास, "तुजी न्हाई, माजी आय हाय ती." मी भोकाड पसरायचे. आई मला म्हणायची, "खरं हाय त्येचं. तुजी आय ही आख्खी हाय की, मग ती येवडीशी कशाला पायजे?"

रतनबाईंशी ती बोलायची, हे तुलाही ठाऊक आहे. भात कांडताना, जात्यावर बसल्यावर, गुरांना पाणी दाखवताना, एकटी असली की तोंड चालू. सवतीला ती अहो-जाहो करायची आणि तुझ्या कागाळ्या सांगायची. "ऐकलं का रतनबाई, तुमच्या लेकानं आज मास्तराला उलट उत्तर दिलं. तुमचंच वळण, आमच्याकडं असलं न्हाई." आबा ऐकून हसायचे. एकदा तू झाडावरून पडलास आणि हात मोडला, तेव्हा मात्र ती टाक मुठीत घेऊन रडली होती. तुमचं पोर मला सांभाळता आलं नाही, मला माफी करा, असं म्हणत होती. एवढं बोलणं ती आमच्यापैकी कुणाशी कधी बोलली नाही. आम्हाला हुकूमच असायचे.

हुकूम तिला शोभायचेही. उत्रोलीत लग्न निघालं की किती माणसाला किती भात लागेल ते विचारायला लोक आपल्या दारात यायचे. भाताच्या आवणीला कुणाच्या शेतात आधी पाणी घ्यायचं, यावर बांधावर भांडणं पेटली की तीच जाऊन मध्ये उभी राहायची, लुगड्याचा काष्टा खोचून, गुडघाभर चिखलात. गाय अडली तर तिला बोलावणं, सून रुसून माहेरी चालली तरी तिलाच. ज्यांनी त्या सकाळी दारं लोटली होती, त्यांच्याच पोरींची बाळंतपणं तिनं निस्तरली. आणि त्याच घरात हळद लागायची वेळ झाली की ती आपण होऊन उठून मागल्या दाराला जायची. कुणी जा म्हणायची वाट बघायची नाही. पाटाच्या बाईनं हळदीला हात लावायचा नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आपलं पान मागल्या दाराशी, हे ती धरूनच चालायची, आणि गाव तिला चालू द्यायचं. फार हुशार गाव आपलं.

आबा गेल्यावर भावकी म्हणाली, पोराला नांगराला धरा, शाळा पुरे. आई म्हणाली, रतनबाईंनी माझ्यापाशी दिलेलं पोर आहे, मी त्याला अडाणी ठेवलं तर वर जाऊन काय तोंड दाखवू? आणि तुला भोरच्या शाळेत ठेवलं. पावसात ओढ्याला पाणी आलं की तुला खांद्यावर घेऊन पलीकडं सोडायची, घोड्याएवढा झालास तरी. तू लाजायचास, पोरं हसतात म्हणायचास. मग तिनं काय केलं, तर पोरं येण्याआधी, फटफटायच्या वेळी तुला पलीकडं नेऊन सोडायला लागली. दोघं तिथं दगडावर बसून राहायचात शाळा उघडेपर्यंत, अंगावर एकच इरलं. तुझी लाज झाकायची तिला तेव्हापासूनची सवय.

तुझं लग्न आठव. उत्रोलीच्या अंगणात मांडव, भोरहून वाजंत्री. वरमायच्या मानाला कोण बसणार म्हणून कुजबुज सुरू झाली. कुणी तोंडावर विचारलं नाही, आणि आईनं कुणाला विचारू दिलं नाही. तिनं स्वतःच्या हातानं गळ्यातला दोरा सोडला, टाक धुतला, चौरंगावर नवं लुगडं घालून त्यावर बसवला आणि म्हणाली, वरमाय बसली, आता सुरू करा. तू आणि फुलाबाई वहिनी त्या टाकाच्या पाया पडलात. आई मांडवाच्या मागं, भाताच्या चुलवणाजवळ उभी होती. मी तिच्याजवळ होते. तिचा हात सारखा गळ्याशी जात होता आणि मोकळा परत येत होता. मी चिडून म्हटलं, वाढवलंस तू आणि पाया कुणाच्या पडतात. तिनं माझ्या हातात पळी दिली आणि म्हणाली, "गप. आजचा दिस त्येंचा हाय." मला वाटलं होतं, चौरंगाच्या पाया पडून झाल्यावर तू मांडवाच्या मागं येशील. तिलाही वाटलं असेल, कारण तिनं धुराचा हात पदराला पुसून ठेवला होता. तू आला नाहीस. सगळं उरकल्यावर टाक परत गळ्यात बांधताना ती म्हणाली, "आल्या बाई घरला. दमला आसाल." आणि चुलवण विझवायला गेली.

तुला भोरला कचेरीत नोकरी लागली आणि तू तिला घेऊन गेलास, तेव्हा मला किती आनंद झाला होता. म्हटलं, आता म्हातारी पाटावर बसून खाईल. तिथं काय झालं ते तिनं मला कधीच सांगितलं नाही. एके दिवशी ती बोचकं घेऊन डोंगर चढून एकटी इथं आली आणि म्हणाली, पोरीला बघावंसं वाटलं म्हणून आले. तिच्या पायाला फोड आले होते. मी काय ते समजून गेले, पण विचारलं नाही. खरं काय ते मला वहिनींनी सांगितलं, तिच्या दहाव्याला, भांडी घासता घासता, डोळ्याला पदर लावून. वहिनींना बोल लावू नकोस, त्या घरात तेवढंच एक खरं बोलणारं माणूस आहे.

तुझ्याकडं कचेरीतली मोठी मंडळी जेवायला येणार होती. तू कुळी, घराणी, कोण कुणाच्या पंगतीला बसतं हे बोलायला नुकतंच शिकला होतास. गळ्यात टाक बघितला की कुणालाही कळतं की ही बाई दुसरी आहे, आणि दुसरी म्हटलं की लग्नाची का पाटाची, हे कुणीतरी विचारतंच. म्हणून तू तिला म्हणालास, तेवढा एक दिवस तो दोरा काढून डब्यात ठेव. ती म्हणाली, "आरं, तुजी आय हाय ही. डब्यात कशी ठिवू?" तू म्हणालास, मग मंडळी जाईपर्यंत शेजारी जाऊन बस. ती शेजारी जाऊन बसली. मंडळी जेवून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं वहिनींना पीठ किती उरलंय ते दाखवलं, शेवंताची वेणी घातली आणि निघाली. वहिनी म्हणतात, तू कचेरीतून आल्यावर विचारलंस, कुठं गेली म्हणून. चंद्राकडं, असं सांगितल्यावर बरं म्हणालास. नुसतं बरं.

मग ती इथंच राहिली. लेकीच्या घरी मरणं तिच्या लेखी कमीपणाचं, पण ते बोलून दाखवलं नाही. इथंही ती रिकामी बसली नाही, वरी कांडली, माझी पोरं सांभाळली, सासूबाईंशी भांडली आणि त्यांची मैत्रीणही झाली. बाजाराच्या दिवशी मात्र सकाळपासून ओसरीच्या त्या कोपऱ्यात बसायची, जिथून खालची वाट दिसते. कुणाची वाट बघतेस असं मी विचारायचे नाही. संध्याकाळी उठताना टाकाला म्हणायची, "कामं लई आसत्यात वो त्याला." मला त्या रतनबाईंचा हेवा वाटायचा, दादा. मेलेल्या बाईला निदान समजूत घालणारं कुणीतरी होतं.

शेवटच्या आजारात तू आला नाहीस. निरोप उशिरा मिळाला म्हणालास, तसंही असेल. अग्नी द्यायला आलास, दहावं नीट केलंस, डोकं भादरून घेतलंस, रडलासही. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. म्हणून तर वर्षश्राद्धाला मी धीर करून म्हटलं, दादा, आता आईचा टाक कर, आबांशेजारी बसव. आणि तू खाली बघून म्हणालास, पाटाची बाई देव्हाऱ्यात चालत नाही, उद्या सोयरे विचारतील. मी त्या दिवशी बोलले नाही, आज बोलते. आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या एका अंगाला म्हाळसा आहे आणि दुसऱ्या अंगाला बाणाई. बाणाई काही आईबापांनी वाजतगाजत आणलेली पहिली बायको नव्हे, मागून आलेली आहे, आणि तिला कोणी अजून उठवलेलं नाही. आई रोज फुलं वाहताना बाणाईला एक फूल जास्त वाहायची. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आपण कुणी विचारलं नाही. देवाला जे चालतं ते कचेरीतल्या कारकुनाला चालत नाही, एवढं मला त्या दिवशी समजलं.

मी माझ्या घरी तिला बसवीन म्हटलं, तर घरधनी म्हणाले, सासऱ्याच्या घरचं माणूस आपल्या देव्हाऱ्यात कसं बसवायचं, तुझ्या भावाचा मान आहे तो. ते बरोबर बोलले. लेकीचा देव्हारा आईचा नव्हे. म्हणजे जिनं दोन घरं उभी केली तिला दोन्ही घरांत चिंचोक्याएवढी जागा नाही. गेलेली सगळी माणसं सणाला आपापल्या जागी बसून घास खातात, आणि माझी आई कुठं असेल याचा विचार करत मी पानावर बसते. पहिला घास हातात राहतो.

आता ती तिसरी गोष्ट. आनंदराव म्हणाले, आत्याबाईंनी लग्नाला जरूर यावं, दादासाहेबांनी आग्रहानं सांगितलंय. फक्त वाईकडच्या मंडळींना दादासाहेबांनी सांगितलंय की रतनबाई हीच आबांची एक बायको, आणि मूल एकच. तेव्हा आपण चुलत बहीण म्हणून यावं. हे सांगताना त्यांची वहाण पायात जाईना. मी म्हटलं, बरं. तुझंच उत्तर तुला परत. मी लग्नाला येणार नाही. चुलत म्हणून नाही आणि कशीच नाही. शेवंताला आईनं जपून ठेवलेला एक खण पाठवते आहे, तो मात्र तिला दे, आणि कुणाचा म्हणून द्यायचा ते तुझं तू ठरव.

टाकही पाठवते आहे. घरधनी बाजाराला येतील, ते तुझ्या हातात देतील. अडवून ठेवावा असं माझ्या मनात आलं होतं, पण मला ते करता येत नाही. जायच्या आधी आईनं आपणच तो दोरा सोडला. गळ्यावर जिथं तो बसायचा तिथं कातडी पांढरी पडली होती. माझ्या हातात देऊन म्हणाली, "मानसिंग मागंल. शेवंताच्या लग्नाला तरी मागंलच. मागितला की दे. हुज्जत घालू नगंस. त्याची आय हाय." म्हणजे तिला तू मागशील हे ठाऊक होतं आणि कशासाठी मागशील तेही ठाऊक होतं. स्वतःसाठी ती काही बोलली नाही. मी शेजारी बसले होते, वाट बघत होते, पण ती पाणी मागून झोपली.

नुसता टाकच पाठवता आला असता. एवढा कागद का खराब केला ते आता सांगते. घरधन्यांनी तो तुझ्या हातात दिला की घरात नेऊ नकोस, दारात उजेडाला धरून बघ. त्याच्यावर बाई नाही. डोळे नाहीत, नथ नाही, नाक नाही. गुळगुळीत पत्रा आहे नुसता, मध्ये किंचित खोलगट. मी एकदा आईला चेष्टेनं म्हटलं होतं, चिंच लावून घासून घासून सवत पुसून टाकलीस की गं. ती म्हणाली, "म्या न्हाई बया. त्यानं झिजवली. लई वर्सं धरून निजला न्हवं का." रतनबाईंचं तोंड तू पाहिलेलं तुला आठवणार नाही, मी तर पाहिलंच नाही, आणि पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नाही. सोनार काय, दोन डोळे आणि नथ उठवून देईल, सगळ्या बायकांना तो तेच उठवून देतो. पण त्यानं हातोडी मारली की तुझा अंगठा आणि आईच्या गळ्याचा घाम दोन्ही जातील, आणि जगात आईची अशी दुसरी खूण राहिलेली नाही. आईचा टाक कर असं मी पुन्हा म्हणणार नाही. तो नव्यानं ठोकून घेऊ नकोस, एवढंच मागते. आहे तसा आबांशेजारी बसव. वाईकडच्यांनी विचारलं तर सांग, रतनबाईंचा आहे; त्यात खोटं काही नाही, आणि त्यांना त्याच्यावर दुसरं कुणी दिसणारही नाही. लग्न उरकून मांडव मोकळा झाला, की देव्हाऱ्यासमोर एकटा बस आणि एकदा त्याच्यावर अंगठा ठेवून बघ.

तुझीच, सख्खी,
चंद्रा